साक्ष दिलेले डोळे

शाळेच्या ग्रंथपालबाई दुकानात आल्या तेव्हा काका खळ ढवळत होते. बाईंनी पिशवीतून बारा पुस्तके काढली, टेबलावर एकावर एक रचली आणि वरचे एक उघडून त्यांच्यापुढे धरले. पानांच्या खालच्या कडेला एका टोकाशी बोटभर समास सुटला होता आणि दुसऱ्या टोकाकडे पाते तिरके उतरून पानांचे आकडे निम्मे कापून गेले होते.

"मुलं आता मान वाकडी करून वाचतील," बाई म्हणाल्या. "नाहीतरी त्यांना न वाचायला निमित्तच हवं असतं."

काका पुस्तकबांधणीचे काम एकतीस वर्षे करत होते. सगळी वस्ती त्यांना काका म्हणे आणि त्यांच्या बायकोला काकू. राहत्या घराची पुढची खोली हेच दुकान. खिडकीशी कटिंगचे मशीन, मधे लांब टेबल, भिंतीला पुठ्ठ्यांचे गठ्ठे आणि कोपऱ्यात काकूंची शिलाईची चौकट. फर्मे, म्हणजे घड्या घातलेल्या पानांचे जुडगे, शिवायचे काम काकूंचे, कापायचे आणि पुठ्ठा चढवायचे काकांचे. एकतीस वर्षांत इथून गेलेले पुस्तक परत आले नव्हते.

काकांनी दोष दिव्याला दिला. त्याच दुपारी नवी ट्यूब बसवली. पुढच्या आठवड्यात एका वकिलाच्या मासिकांचा खंड तसाच तिरका कापला गेला, तेव्हा दोष कागदावर गेला. मग मशीनच्या पट्टीवर. काकू ऐकत होत्या आणि शिवत होत्या. त्यांनी गेले काही महिने एक गोष्ट पाहून ठेवली होती. काकांच्या डाव्या खांद्यावर दाराची चौकट लागल्याचे डाग होते, उजव्यावर एकही नव्हता. चहाचा कप डावीकडे ठेवला की कलंडायचा. रस्त्यात डाव्या बाजूने कुणी हाक मारली की काका दचकायचे, जणू माणूस जमिनीतून वर आला आहे.

काकूंनी हे बोलून दाखवले नव्हते, कारण काकांचे डोळे बरे झाले होते. तसे चर्चच्या अख्ख्या मंडळीला माहीत होते.

ती हकीकत अशी. दोन वर्षांपूर्वी चष्म्याचा नंबर बदलायला गेलेल्या काकांना डॉक्टरांनी थांबवून घेतले आणि सांगितले की डोळ्यांतला दाब वाढला आहे, याला काचबिंदू म्हणतात, रोज झोपताना दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब घालायचा, आणि हे कायमचे आहे. काकांनी विचारले की दुखत तर काहीच नाही. डॉक्टर म्हणाले, तीच तर याची खोड आहे.

काकांनी सहा महिने थेंब घातले. थेंबांनी डोळे लाल व्हायचे, जळजळायचे, सकाळी खळीचे भांडे उघडले तरी पाणी यायचे. त्यांनी ते कुणाला सांगितले नाही. मग चर्चमध्ये उपास-प्रार्थनेचा आठवडा आला. काकांनी तीन दिवस उपास धरला आणि उपास म्हणजे सगळेच सोडायचे म्हणून बाटलीही बाजूला ठेवली. तिसऱ्या संध्याकाळी पाळकसाहेबांनी आजाऱ्यांसाठी प्रार्थना केली. काका डोळे मिटून उभे होते. त्यांना वाटले, कुणीतरी डोळ्यांवर गार पाण्याची घडी ठेवली आहे. जळजळ थांबली होती. ती त्या रात्री आली नाही आणि दुसऱ्या दिवशीही आली नाही.

पुढच्या रविवारी साक्षीच्या वेळेला काका उभे राहिले. ही त्या चर्चमधली जुनी रीत होती. उपदेशाच्या आधी ज्याला देवाने काही दिले असेल त्याने उभे राहून सांगायचे. काका लाजाळू माणूस. शास्त्रपाठ वाचायचा असला की आदल्या दिवसापासून पाणी पीत बसायचे. पण त्या दिवशी ते न अडखळता बोलले. माझे डोळे प्रभूने बरे केले, म्हणाले. खिशातून बाटली काढून त्यांनी समोरच्या टेबलावर ठेवली. मागे कुणीतरी रडू लागले, मग पुष्कळ लोक रडले, आणि गाण्याला असा आवाज चढला की रस्त्यावरचे लोक थांबून बघू लागले. त्यानंतर पाळकसाहेबांनी त्यांना आणखी दोन मंडळ्यांत नेऊन तीच साक्ष द्यायला लावली. एकतीस वर्षे ज्यांना लोक पुठ्ठ्यावरून ओळखत, त्यांना आता साक्षीवरून ओळखू लागले.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. काका खोटे बोलले नव्हते. त्यांना जे जाणवले तेच त्यांनी सांगितले. चूक असेलच तर ती अशी की, त्यानंतर त्यांनी स्वतःला पुन्हा काही विचारायचे सोडून दिले.

काकूंचा हात वाचला तो दिवस शुक्रवार होता. काम नेहमीचे होते, चर्चचीच जुनी गीतपुस्तके. काका मशीनसमोर उभे, काकू त्यांच्या डाव्या हाताला. काकूंनी गठ्ठा सरळ करायचा, हात काढायचा, काकांनी चाक फिरवून तो दाबायचा आणि दांडा ओढायचा. मग पाते उतरते. वर्षानुवर्षे हे काम त्यांनी न बोलता केले होते. कोण कधी हात काढतो हे दोघांच्या अंगात होते. त्या दिवशी मधला एक फर्मा सरकलेला दिसला म्हणून काकूंनी काढलेला हात पुन्हा आत घातला. काका समोरच बघत होते. त्यांनी दांडा ओढला.

काकूंनी हात मागे घेतला. बाहीचा कोपरा, दोन बोटे रुंदीचा, पात्याखाली राहिला.

काकू ओरडल्या नाहीत. कापलेला कापडाचा तुकडा त्यांनी गठ्ठ्यावरून उचलला आणि काकांच्या डोळ्यांसमोर, अगदी नाकाच्या रेषेत धरला.

"माझा हात दिसला नाही तुम्हाला?"

काकांनी तुकड्याकडे पाहिले, मग काकूंच्या हाताकडे. "तू हात काढला होतास," ते म्हणाले.

"काढला होता. परत घातला. कोपरापर्यंत आत होता, अहो."

काका स्टुलावर बसले. बराच वेळ त्यांनी मशीनच्या दांड्याला हात लावला नाही. काकू आत गेल्या आणि त्यांनी नणंदेला निरोप धाडला.

नणंद म्हणजे काकांची थोरली बहीण. छत्तीस वर्षे प्रसूतीच्या दवाखान्यात नर्स होत्या, आता निवृत्त. घरात आणि चर्चमध्ये सगळे त्यांना ताईच म्हणत. बोलणे थोडे, आणि जे बोलतील ते तोंडावर. ताईंनी आल्या आल्या काकूंचा हात उलटसुलट करून पाहिला, कापडाचा तुकडा पाहिला आणि भावासमोर खुर्ची ओढून बसल्या. आधी घरातल्या चौकशा झाल्या, मग थेंबांची, आणि काकांनी जळजळीचे पहिल्यांदाच सांगितले.

"ती जळजळ कधी सुरू झाली होती?"

काकांनी सांगितले, थेंब सुरू केल्यावर आठवड्याभरात.

"आणि उपासाच्या तीन दिवसांत थेंब घातले होतेस?"

"नाही. सगळंच सोडलं होतं."

ताईंनी आवाज न चढवता सांगितले, "अरे, जळजळ थेंबांची होती. बाटलीबरोबर जो कागद येतो ना घडी घातलेला, त्यावर छापलेलं असतं. थेंब बंद झाले, जळजळ बंद झाली. दाब कुठे बंद झाला?"

काका पांढरे पडले. मग त्यांना राग आला. लाजाळू माणसाला राग येतो तेव्हा तो फार व्यवस्थित बोलतो, तसे ते बोलले. त्या संध्याकाळी आपल्याला काय वाटले ते आपल्याला माहीत आहे. तू तिथे नव्हतीस. देवाने काही केलेच नाही असे तुझे म्हणणे असेल तर सरळ तसे म्हण.

"मी तसं म्हणत नाही," ताई म्हणाल्या. "त्यानं काय केलं ते मी कोण सांगणार? कदाचित त्यानं तुला धीर दिला असेल. तुला धीर हवाच होता, सहा महिने एकटाच चोळत बसला होतास डोळे. पण मी माझ्या कामाचं सांगते. छत्तीस वर्षं प्रत्येक बाळंतपणाआधी मी प्रार्थना केली, एकही चुकवली नाही. आधी हात धुतले आणि मग जोडले. न धुता जोडले असते तर त्याला प्रार्थना म्हणता आलं नसतं, निष्काळजीपणा म्हणावा लागला असता."

"तपासायला जाणं म्हणजे त्याच्यावर संशय घेणं आहे."

"दहा कुष्ठरोगी आले होते प्रभूकडे. लहानपणी तूच ती बायबलातली गोष्ट पाठ म्हणून दाखवायचास, बक्षीसही मिळालं होतं तुला. त्यानं त्यांना काय सांगितलं? जाऊन याजकांना दाखवा. अंगावरचा डाग खरंच गेला की नाही ते तपासायचं काम तेव्हा याजकांचं, म्हणजे देवळातल्या पुजाऱ्यांचं होतं. म्हणजे ज्यानं बरं केलं त्यानंच तपासणीला पाठवलं. त्याला तपासणीची भीती नव्हती. तुलाच आहे."

काका खिडकीकडे बघत राहिले. आता मात्र त्यांनी खरी अडचण बोलून दाखवली, बहुधा पहिल्यांदाच.

"ताई, मी तीन मंडळ्यांसमोर उभा राहून सांगितलंय."

"मग चौथ्यांदा सांग."

काकू इतका वेळ दारात उभ्या होत्या. त्या आत आल्या आणि म्हणाल्या की तपासून येईपर्यंत आपण त्या मशीनला हात लावणार नाही. त्यांनी एवढेच सांगितले. पण दुकान दोघांच्या हातांवर चालत होते आणि काकूंनी हात काढून घेतला तर ते बंद पडणार, हे काकांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

सोमवारी ताई भावाला डोळ्यांच्या रुग्णालयात घेऊन गेल्या. दाब मोजला. मग नजरेची कड मोजण्यासाठी एका छोट्या अंधाऱ्या खोलीत नेले. तिथे एक पांढरा पोकळ अर्धगोल होता, मोठ्या परातीसारखा. तपासणी करणारी मुलगी तिशीच्या आतली, सर्दी झालेली. तिने काकांची हनुवटी टेकवली, एक डोळा झाकला, हातात बटण दिले. मधल्या पिवळ्या दिव्याकडेच बघायचे, म्हणाली, आजूबाजूला कुठेही बारीक ठिणगी चमकली की बटण दाबायचे.

काकांनी ते काम मन लावून केले. हातात काम आले की ते ठीक असायचे. ठिणगी दिसली की बटण, दिसली की बटण. मधेच बराच वेळ काही यायचे नाही. काका वाट बघत बसायचे, पिवळ्या दिव्याकडे बघत. मग पुन्हा उजवीकडे दोनतीन चमकायच्या, पुन्हा शांत. त्यांना त्या मुलीची थोडी दयाही आली. दोन्ही डोळ्यांचे झाल्यावर ते उठले आणि हळूच, तिला वाईट वाटू नये म्हणून सांगितले, "बाळ, तुमचं मशीन मधेमधे बंद पडतंय. दाखवून घ्या कुणाला तरी."

मुलीने नाक पुसले. छापून आलेला कागद ती बघत होती.

"नाही काका, मशीन थांबलं नव्हतं," ती म्हणाली. "तेव्हाही दिवे लागत होते."

काका त्या खोलीत उभेच राहिले. बाहेर पुढच्या माणसाला हाक मारली गेली, तेव्हा ताईंनी त्यांना दंडाला धरून बाहेर आणले. कागदावर दोन गोल होते. जिथे दिसते तिथे पांढरे, जिथे दिसत नाही तिथे काळे. डाव्या डोळ्याचा निम्म्याहून अधिक गोल काळा होता. उजव्याच्या कडेलाही काळे लागले होते.

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी सांगितले की गेलेले परत आणता येत नाही, राहिलेले राखता येते, आणि राहिलेले पुष्कळ आहे. मग जुना कागद बघून विचारले की थेंब का सोडले. काकांना उपास, प्रार्थना, साक्ष, एवढे सगळे तिथे सांगता येईना. ते म्हणाले, जळजळायचे.

"मग तेव्हाच यायचं ना सांगायला," डॉक्टर म्हणाले. "दुसरे दिले असते. न जळजळणारे असतात."

इतके साधे होते ते! दीड वर्षांपूर्वी एक वाक्य बोलायचे होते. काका डोळ्यांबद्दल मंडळ्यांपुढे तीनदा बोलले, देवापुढे रोज बोलले, पण जिथे बोलायचे होते तिथे बोलले नाहीत.

बुधवारी काका पाळकसाहेबांकडे गेले. साहेबांची अभ्यासिका चर्चच्या मागे होती; पुस्तके निम्मी काकांनीच बांधलेली. काकांनी कागद टेबलावर ठेवला आणि सगळे सांगितले. पाळकसाहेबांनी बराच वेळ त्या दोन काळ्या गोलांकडे पाहिले. माणूस भला होता. त्यांनी काकांचा हात धरला, प्रार्थना केली, थेंब चुकवू नका म्हणून बजावले. मग जरा थांबून म्हणाले की रविवारच्या सभेत मात्र हे बोलायची तशी गरज नाही. मंडळीत कोवळ्या विश्वासाचे लोक आहेत, नुकतेच आलेले आहेत, त्यांचा धीर खचेल. उपचार घ्या, शांतपणे घ्या.

"शांतपणे म्हणजे?" काकांनी विचारले.

पाळकसाहेब हसले, थोडे ओशाळे. "म्हणजे असं, की आता मीच रोज सकाळी रक्तदाबाची गोळी घेतो. बारा वर्षं झाली. घेतो आणि कामाला लागतो. त्यात सभेत सांगण्यासारखं काय आहे?"

काकांनी मनात हिशोब केला. बारा वर्षे. काकांनी साक्ष दिली त्या रविवारी सकाळीही पाळकसाहेबांनी गोळी घेतली होती, पाणी प्यायले होते आणि मग व्यासपीठावर येऊन काकांना मिठी मारली होती.

"साहेब," काका म्हणाले, "तुम्ही एकदा जरी सांगितलं असतं ना, तर मी बाटली टेबलावर ठेवली नसती. मला वाटलं, इथे गोळ्या कुणीच घेत नाही."

काका निघाले तेव्हा पाळकसाहेब तसेच टेबलाशी बसून होते.

रविवारपर्यंत काकांनी चार वेळा ठरवले की बोलायचे नाही आणि पाच वेळा ठरवले की बोलायचे. चर्चमध्ये ते नेहमीच्या बाकावर, पण डाव्या टोकाला बसले, म्हणजे सगळे लोक उजवीकडे येतील आणि दिसतील. साक्षीची वेळ आली. एका बाईने मुलीला नोकरी लागल्याचे सांगितले, लोक आमेन म्हणाले. मग काका उठले. लोकांचे चेहरे आधीच उजळले. त्यांना वाटले, तीच साक्ष पुन्हा ऐकायला मिळणार.

काका म्हणाले, "मी इथे उभा राहून सांगितलं होतं की माझे डोळे बरे झाले. ते बरे झाले नव्हते. मला बरं वाटलं होतं. त्या दोन गोष्टी वेगळ्या असतात, हे मला कळलं नाही. माझी डाव्या बाजूची नजर गेली आहे, ती परत येणार नाही. मी परत थेंब घालतो. थेंब घालताना प्रार्थना करतो. मागच्या आठवड्यात शुक्रवारी माझ्या हातून माझ्या बायकोचा हात तुटणार होता, तो वाचला, त्याबद्दल मी देवाचे आभार मानतो. माझी साक्ष एवढीच आहे."

ते बसले. कुणी आमेन म्हणाले नाही. पेटीवाल्याने सूर धरला आणि सोडून दिला. पुढच्या बाकावरच्या एका गृहस्थाने मान वळवून पाळकसाहेबांकडे पाहिले, की आता हे सावरा. त्या शांततेत काकूंनी काकांचा हात आपल्या मांडीवर घेतला, चारचौघांत, एकतीस वर्षांत पहिल्यांदा.

मग मागच्या बाकावरून आवाज आला. तो आवाज इस्त्रीवाल्या आजींचा होता. प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षारस ठेवतात त्या टेबलावरच्या चादरी धुऊन त्यांना कडक इस्त्री करायचे काम त्या कित्येक वर्षे करत आल्या होत्या, म्हणून हे नाव. ऐकायला कमी येई, त्यामुळे त्या हळू बोलल्या तरी सगळ्यांना ऐकू जाई.

"मग आता मी काय करू?" आजी म्हणाल्या. "मलाही तेच सांगितलंय डॉक्टरांनी, काचबिंदू. तुमचं ऐकून मीही बाटली फेकून दिली. वर्ष होऊन गेलं. म्हटलं, यांचा विश्वास पुरला तर माझा का नाही पुरणार? मंगळवारी असतात का हो ते डॉक्टर?"

काकांनी मागे वळून आजींकडे पाहिले. आपल्या साक्षीने कुणाचा विश्वास वाढला असेल एवढेच ते आजवर धरून चालले होते. त्या साक्षीमुळे आणखी कुणाच्या घरी असाच काळा गोल वाढत असेल, हे त्यांच्या मनातही आले नव्हते.

तेव्हा पाळकसाहेब व्यासपीठावरून खाली उतरले. ते बाकांच्या मधल्या वाटेत आले, कोटाच्या आतल्या खिशात हात घातला आणि गोळ्यांची चपटी पट्टी बाहेर काढली. ती त्यांनी उंच वगैरे धरली नाही, नुसती हातात ठेवली. म्हणाले, "मी रक्तदाबासाठी रोज सकाळी यातली एक घेतो. बारा वर्षं घेतोय. तुम्हाला कधी सांगितलं नाही, कारण मला वाटलं, यात देवाचं काय. आता वाटतं, या बारा वर्षांतल्या प्रत्येक सकाळबद्दल मी इथे उभं राहायला हवं होतं. माझं चुकलं. आजी, मंगळवारी मी तुम्हाला घेऊन जातो."

"तुम्ही नको, यांना येऊ दे," आजी म्हणाल्या. "यांना वाट माहीत आहे."

थोडे लोक हसले. हसू आले तसे बोलणेही आले. पेटीवाल्याने सांगितले की आपल्या छातीत यंत्र बसवले आहे आणि त्याच्याच ठोक्यावर तुम्ही तीन वर्षे गाताय. मुलीच्या नोकरीचे सांगणारी बाई पुन्हा उठली आणि तिने थायरॉइडचे सांगितले. एकामागून एक पाचसहा जण उठले. त्या दिवशी उपदेश झालाच नाही, वेळच उरला नाही, आणि त्याबद्दल कुणी तक्रार केल्याचे ऐकिवात नाही.

मंगळवारी काका आजींना घेऊन गेले. परातीसारख्या त्या मशीनसमोर आजी बसल्या तेव्हा काका बाहेरच्या बाकावर बसले आणि डोळे मिटून त्यांनी प्रार्थना केली. त्यांना दीड वर्षांपूर्वी जेवढा विश्वास वाटत होता तेवढा आता वाटत होता की नाही, हे सांगता येणार नाही. पण हे मागणे अगदी नेमके होते. या बाईचे थोडे तरी उरलेले असू दे.

आजी बाहेर आल्या. थोडे गेले होते, बरेच उरले होते. काकांपेक्षा अधिक उरले होते. त्यांनी नवी बाटली कमरेच्या पिशवीत ठेवली, गाठ मारली आणि काकांना म्हणाल्या, "यापुढे साक्ष द्यायची झाली ना, तर आधी डॉक्टरांना दाखवून या. मग द्या, खुशाल रडवा लोकांना."

काकांनी मान खाली घालून हो म्हटले. आजींनी त्यांचा डावा हात धरला, कारण त्या बाजूला जिना होता, आणि दोघे खाली उतरले.

दुकान पुन्हा सुरू झाले. आता काकू काकांच्या उजव्या हाताला उभ्या राहतात आणि हात काढल्यावर तोंडाने 'काढला' म्हणतात. तो शब्द ऐकल्याशिवाय काका दांडा ओढत नाहीत. ग्रंथपालबाईंची बारा पुस्तके सुधारता आली नाहीत, कापलेला कागद जोडता येत नाही. त्यांनी ती तशीच शाळेत ठेवली आहेत.

वाचकहो, आपण कोणत्याही देवाचे नाव घेत असू किंवा घेत नसू, ही गोष्ट आपल्या घरातलीही आहे. आपण आपली दुखणी प्रार्थनेत मोठ्याने मांडतो आणि औषधे कपाटात लपवून ठेवतो. मग शेजारच्या माणसाला वाटते, हा केवळ प्रार्थनेवर उभा आहे. आणि तो आपली बाटली फेकून देतो. श्रद्धा माणसाला डॉक्टरच्या दारापासून मागे ओढत नाही. मागे ओढते ती लाज, दिलेला शब्द परत घ्यायची लाज. प्रार्थना करावी, मनापासून करावी, आणि उठून तपासणीलाही जावे. आणि घरी आल्यावर दोन्हींबद्दल लोकांना सांगावे. कारण आपल्या न बोलण्यामुळे कुणाची नजर जात असेल, तर ते आपल्याला दिसणार नाही; तेव्हाही आपल्याला वाटत राहील की सगळे ठीक आहे.